खानदेशची स्वारी आणि तिचा जमाखर्च



एका देशाचे सैन्य दुसऱ्याच्या मुलखावर चालून जाते, तो मुलूख जिंकते, आणि मग त्या सगळ्या उद्योगाचा खर्च कोणाच्या नावावर पडतो, हा आजचा विषय आहे. तो समजून घेण्यासाठी आपल्याला दूर जावे लागणार नाही. १८१८ साली हा आपला खानदेश इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने जिंकला. सेंधव्याचा घाट, तापीकाठचे थाळनेर, मोसमकाठचे मालेगाव आणि सरतेशेवटी बोरीकाठचे आपले अमळनेर, अशी त्या स्वारीची ठाणी आहेत. शाळेच्या पुस्तकात ह्या प्रकरणाला एक ओळ मिळते : १८१८ साली पेशवाई बुडाली. त्या एका ओळीखाली किती माणसे दबून गेली ती पाहावीत, एवढाच माझा हेतू.

माझे शिक्षण चार इयत्तांचे. जे काही वाचले ते वाचनालयाच्या बाकावर वाचले. आयुष्य गेले मजुरीच्या वाटाघाटींत. त्यामुळे कोणतेही प्रकरण समोर आले की कामाला कोण होता, दाम कोणाला मिळाला आणि नुकसान कोणाच्या अंगावर पडले, हे तीन प्रश्न मी आधी विचारतो. इतिहासालाही तेच विचारावेत असे मला वाटते.

स्वारीपूर्वीचा खानदेश

परकी फौज येण्यापूर्वी खानदेशात सुबत्ता नांदत होती अशी कोणाची समजूत असेल, तर ती प्रथम दूर केली पाहिजे. १८०२ साली यशवंतराव होळकरांच्या फौजा पुण्याकडे जाताना ह्या मुलखातून गेल्या. पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ पडला. त्यानंतरची पंधरा वर्षे पेंढाऱ्यांच्या टोळ्या, बिनपगारी शिबंदी आणि मक्त्याने वसुली घेणारे मामलेदार ह्यांनी उरलेसुरले ओरबाडून नेले. गावेच्या गावे ओस पडली, विहिरी बुजल्या, चांगल्या काळ्या जमिनीवर झाडी माजली. रयतेने इंग्रजांना अडवले नाही म्हणून तिला दोष देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. ज्या राज्याने तिच्या घरातले धान्य उपसून नेले, त्या राज्यासाठी तिने प्राण का द्यावेत?

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आक्रमण हा गोऱ्यांचाच धंदा होता असे नव्हे. १७४२ ते १७५१ ह्या काळात नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या. त्या स्वाऱ्यांचे वर्णन गंगाराम नावाच्या बंगाली कवीने लिहून ठेवले आहे, आणि बंगाली आया मुलांना निजवताना ज्या 'बर्गी'ची भीती घालत आल्या, ते बर्गी म्हणजे आपलेच बारगीर. तेव्हा मी बोलतो आहे ते स्वारीविषयी. स्वार कोणत्या जातीचा आणि कोणत्या देशाचा, हा प्रश्न त्यापुढे दुय्यम आहे.

कंपनीची फौज

१८१७ साली गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज ह्याने एक लाखाच्या वर सैन्य मैदानात उतरवले. उत्तरेकडून एक भाग, दक्षिणेकडून सर थॉमस हिस्लॉप ह्याच्या हाताखाली दुसरा, आणि मध्ये सापडलेले पेंढारी व मराठे सरदार, असा तो बेत होता. निमित्त पेंढाऱ्यांच्या बंदोबस्ताचे. पण त्याच वर्षीच्या जून महिन्यात पेशव्यांकडून पुण्याचा तह लिहून घेऊन त्यांचे हातपाय बांधण्यात आले होते. आधी कागद, मग तोफ, ही कंपनीची रीत होती. ह्याच अर्थाने मी ह्या स्वारीला आधुनिक म्हणतो. कवायती पायदळ, तोफखाना, शेकडो कोसांवरून एकमेकांशी जुळवून केलेल्या हालचाली, आणि ह्या सगळ्यामागे पतपेढीसारखी चालणारी तिजोरी.

ह्या फौजेत बहुसंख्य कोण होते? मद्रास, मुंबई आणि बंगालचे देशी शिपाई. त्यांचा पगार महिना सात रुपयांच्या आसपास. पण तो वेळेवर मिळे. मराठ्यांच्या शिबंदीचा करार कधी कधी अधिक असे. मात्र पगार महिनोन्महिने तुंबे. लढाई कोण जिंकले ह्याची पुष्कळ कारणे इतिहासकार देतात. तुंबलेला पगार हे त्यांतले मोठे कारण आहे, हे ज्याने पगाराच्या दिवशी रिकाम्या खिडकीपुढे उभे राहून पाहिले असेल त्याला पटवून सांगावे लागणार नाही.

शिपायांच्या मागे आणखी एक फौज चालत असे, आणि ती लढणाऱ्यांहून मोठी असे. बैलवाले, माहूत, पखाली, डोलीवाले, गवतकापे, धोबी, आणि धान्याचे तांडे घेऊन येणारे वंजारी. ह्यांना आपल्याकडे 'बाजारबुणगे' हा तुच्छतेचा शब्द आहे. त्यांच्यावाचून एक तोफ एक कोसही हलली नसती.

महिदपूर

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला तोंड लागले. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. नोव्हेंबरअखेर नागपूरकरांशी सीताबर्डीवर लढाई झाली. २१ डिसेंबर रोजी क्षिप्रेच्या काठी महिदपूर येथे हिस्लॉप आणि माल्कम ह्यांनी होळकरांची फौज मोडली. इंग्रजांकडील मेलेले व जखमी मिळून सुमारे पावणेआठशे झाले. होळकरांकडील आकडा तीन हजारांचा सांगतात. पण हा दुसरा आकडा जिंकणाऱ्यांच्या अंदाजाचा आहे, हे विसरू नये. हरणाऱ्याचे प्रेत मोजायला कारकून बसवलेला नसतो.

होळकरांच्या गादीवर त्या वेळी मल्हारराव हा दहा-अकरा वर्षांचा मुलगा होता. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोर येथे त्याच्या नावाने तह झाला आणि सातपुड्याच्या दक्षिणेकडील होळकरांचा सारा मुलूख कंपनीकडे गेला. खानदेशातली होळकरांची गावे अशी एका कागदावर हस्तांतरित झाली. ज्यांची ती गावे, त्यांना ही बातमी कळायची होती.

थाळनेर

तह झाल्यावर हिस्लॉप सेंधव्याच्या घाटाने खाली उतरला. सेंधव्याचा किल्ला हुकमाप्रमाणे खाली झाला. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी फौज तापीकाठी थाळनेरला पोचली. थाळनेर ही एके काळी फारुकी सुलतानांची राजधानी. किल्ला नदीवर उभा, आत शिरण्याची वाट एकामागे एक अशा पाच दरवाजांची. किल्लेदार तुळशीराममामा. शिबंदी सुमारे तीनशे माणसांची, त्यांत अरबांचा भरणा.

किल्ल्यावरून गोळी सुटली. हिस्लॉपने निरोप पाठवला की हा किल्ला तहाने आमचा झाला आहे; प्रतिकार कराल तर बंडखोर समजले जाल. समाधानकारक उत्तर आले नाही. तोफा लागल्या, बाहेरचा दरवाजा फुटला. आत चढणाऱ्या सैन्याला मधल्या दरवाजाशी किल्लेदार स्वतः सामोरा आला आणि त्याने आपणास स्वाधीन केले. आता शेवटचा दरवाजा राहिला. त्याची दिंडी उघडी होती आणि आतले अरब अटी विचारीत होते. मेजर गॉर्डन व कर्नल मरे हे दहा-बारा शिपायांनिशी दिंडीतून आत शिरले. बाहेरचे एक भाषा बोलत होते, आतले दुसरी. शस्त्रे खाली ठेवा म्हणून कोणी सांगितले, कोणी हात घातला, आणि आतल्यांना दगा वाटला. क्षणात तलवारी चालल्या. मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅक्ग्रेगर पडले, मरे जखमी झाला.

पुढे जे झाले ते लढाई ह्या नावाखाली बसत नाही. बाहेरचे शिपाई दिंडीतून घुसले आणि त्यांनी शिबंदी कापून काढली. सुमारे तीनशे माणसे मारली गेली. किल्लेदार, जो आधीच स्वाधीन झाला होता, त्याला हिस्लॉपने त्याच दिवशी सायंकाळी फाशी दिले.

हिस्लॉपच्या बाजूचे म्हणणे आपण ऐकून घेऊ. तहानंतर लढणारा किल्लेदार हा शत्रू नव्हे, बंडखोर होय. पूर्वसूचना दिली होती. आणि जरब बसल्यामुळे चांदवड, गाळणा ही ठाणी न लढता मिळाली, म्हणजे पुढचा रक्तपात टळला. हा युक्तिवाद त्या काळीही सर्वांना पटला नाही. मार्च १८१९ मध्ये लंडनच्या पार्लमेंटात ह्या स्वारीच्या सेनापतींचे आभार मानण्याचा ठराव आला, तेव्हा थाळनेरच्या फाशीवर हरकत निघाली. शेवटी महिदपूरच्या विजयाबद्दल हिस्लॉपचे आभार मानले गेले, पण थाळनेरच्या कृत्याला त्यातून संमती मिळाली असे समजू नये, अशी पुस्ती जोडावी लागली.

किल्लेदाराची फाशी निदान पार्लमेंटापर्यंत गेली. त्या तीनशे जणांच्या बाबतीत तेवढेही झाले नाही. ग्रंथ उघडा : पडलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे व हुद्दे आहेत, शिबंदीची नुसती गोळाबेरीज आहे. एका कारखान्यातील बॉयलरच्या अपघाताचा अहवाल मी पूर्वी वाचला होता. त्यात यंत्राच्या प्रत्येक भागाची किंमत होती आणि खाली 'काही मजूर' एवढे दोन शब्द होते. थाळनेरची हकीकत वाचताना मला तो कागद आठवला.

मालेगाव

मालेगावचा किल्ला नारोशंकरांनी बांधलेला, मोसम नदीच्या काठी, तटबंदीचा भक्कम. मे १८१८ च्या मध्यावर कर्नल मॅक्डॉवेलने त्याला वेढा दिला. त्याचे सैन्य अंकाई, राजदेहेर, त्र्यंबक असे डोंगरी किल्ले घेत आले होते आणि दमले होते. आत तीनशेच्या आसपास अरब. मेच्या अखेरीस केलेला हल्ला साफ फसला. नव्या तोफा आणाव्या लागल्या. ११ जूनला एक गोळा दारूच्या कोठारावर पडला, स्फोटाने तटाला भगदाड पडले, आणि १३-१४ जूनला किल्ला स्वाधीन झाला. वेढा घालणाऱ्यांचे दोनशेहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले.

ह्या वेढ्यातल्या दोन गोष्टी मला विशेष वाटतात.

पहिली तारखांची. ३ जून १८१८ रोजी दुसरे बाजीराव असीरगडाजवळ धुळकोट येथे माल्कमच्या स्वाधीन झाले. त्यांना सालीना आठ लाख रुपयांचा तनखा ठरला आणि ते ब्रह्मावर्ताला रवाना झाले. म्हणजे ज्या दिवशी मालेगावी दारूकोठार उडाले, त्या दिवशी राज्याचा धनी आठ दिवसांपूर्वीच सौदा करून मोकळा झाला होता. तटावरचा शिबंदीवाला आणि खंदकातला शिपाई मात्र मरतच होते. मालकाचा समेट आधी होतो. तो झाल्याचे कामावरच्या माणसाला मागाहून कळते.

दुसरी गोष्ट कागदाची. शरण येण्यापूर्वी अरबांनी लेखी हमी मागितली. ती मराठीत लिहून देण्यात आली, आणि मुनशीच्या हातून मजकूर सेनापतीच्या मनात होते त्याहून उदार उतरला. पुढे अर्थ लावण्याची वेळ आली तेव्हा एल्फिन्स्टनने कागदावर जे आहे तेच पाळायचे ठरवले आणि त्या लोकांना सुखरूप आपल्या देशी जाऊ दिले. थाळनेरला भाषेच्या घोटाळ्याने तीनशे माणसे मेली; मालेगावला भाषेच्याच घोटाळ्याने जवळजवळ तितकीच वाचली. फरक एवढाच की मालेगावला हाती कागद होता.

अमळनेर

आता आपल्या गावाकडे येऊ. मालेगाव पडले तरी अमळनेरचा किल्ला अली जमादार नावाच्या अरब नायकाच्या ताब्यात होता आणि तो देण्यास त्याने नकार दिला. नोव्हेंबर १८१८ मध्ये कर्नल हस्किसन मोठी फौज घेऊन मालेगावहून आला आणि बोरीच्या पलीकडील काठावर उतरला. थाळनेर आणि मालेगाव ह्या दोन्ही गोष्टी अरबांना ठाऊक होत्या. ते बाहेर आले, नदीच्या पात्रात त्यांनी हत्यारे खाली ठेवली, आणि लढाईवाचून किल्ला गेला.

हे वर्ष अमळनेरकरांच्या स्मरणात दुसऱ्या कारणाने आहे. १८१८ च्याच वैशाखात संत सखाराममहाराज समाधिस्थ झाले, आणि वैशाखाची यात्रा आपण त्याच बोरीच्या पात्रात भरवतो. यात्रेला येणाऱ्या किती जणांना ठाऊक असते, की ह्याच वाळूत त्याच वर्षी एका राज्याने दुसऱ्यापुढे शस्त्रे ठेवली? ही मंडळी जिवंत घरी गेली म्हणून इतिहासाने त्यांची फारशी दखल घेतली नाही. मला वाटते, ह्या सबंध स्वारीत अभिमानाने सांगावा असा प्रसंग असेल तर तो हा आहे.

पुढे ९ एप्रिल १८१९ रोजी शिंद्यांच्या ताब्यातील असीरगड पडला आणि स्वारी संपली.

खर्चाची बाजू

संपली म्हणजे तोफा थांबल्या. खर्च चालूच राहिला.

पहिली रक्कम रोगाची. ऑगस्ट १८१७ मध्ये बंगालातील जेसोरकडे पटकीची साथ भडकली. नोव्हेंबरमध्ये ती बुंदेलखंडात हेस्टिंग्जच्या छावणीत शिरली. थोड्या दिवसांत शेकडो शिपाई आणि हजारो छावणीचे नोकर मेले. ही साथ पुढे रस्त्यांनी, तांड्यांनी आणि फौजांनी दक्षिणेत आली. १८१८ च्या पावसाळ्यात ती पुण्यास व मुंबईस पोचली होती. फौज जेथे जाते तेथे तिचे पाणी, तिची घाण आणि तिचा रोग जातो. ह्या मृत्यूंना लढाईच्या यादीत जागा नसते.

दुसरी रक्कम बेकारीची. सरदारांच्या पदरी असलेली हजारो माणसे एका हंगामात रिकामी झाली. तलवारीखेरीज दुसरे काम न शिकलेला माणूस तलवार ठेवल्यावर काय करणार?

तिसरी रक्कम भिल्लांच्या नावावर पडली. डोंगरवाटांची राखण करण्याबद्दल भिल्ल नायकांना गावांकडून हक्क मिळत असत. धामधुमीत ते बुडाले होते. नव्या अमलात त्यांची वासलात लागेपर्यंत डोंगर पेटत राहिले. पाठलाग, फाशी, तुरुंग हे उपाय काही वर्षे चालले. अखेर हक्कांच्या नेमणुका, शेतीसाठी तगाई, आणि १८२५ मध्ये आउट्रमने धरणगाव येथे उभारलेली भिल्ल पलटण, अशी व्यवस्था लागली. जे अन्न आणि काम देऊन साधले, ते आधी बंदुकीने साधण्याचा यत्न सात वर्षे झाला, त्याची किंमत सातपुड्याने दिली.

चौथी रक्कम रयतेची. पेंढारी गेले, रस्ते सुरक्षित झाले, ही जमेची बाजू नाकारता येणार नाही. परंतु सारा रोख ठरला आणि १८२० नंतर धान्याचे भाव कोसळले. रोकडीसाठी कुणबी सावकाराच्या ओसरीवर गेला. १८५२ साली नव्या जमीनमोजणीविरुद्ध सावदा, फैजपूर, एरंडोल ह्या बाजूच्या शेतकऱ्यांनी उठाव केला, तेव्हा फौज पाठवून त्यांचे पुढारी पकडण्यात आले. मुलूख जिंकण्याचा खर्च मुलखाकडूनच वसूल होतो, असा ह्याचा अर्थ.

जमाखर्चाचा ताळा

आता माझे तीन प्रश्न. कामाला कोण होता? सात रुपयांचा शिपाई, थकलेल्या पगाराचा अरब, आणि यादीतही नसलेला पखाली. दाम कोणाला मिळाला? कंपनीला मुलूख, सेनापतींना आभाराचे ठराव, पेशव्यांना आठ लाखांचा तनखा. नुकसान कोणाचे झाले? ज्यांना विचारूनच युद्ध सुरू झाले नव्हते, त्यांचे.

ह्यानंतर जगाने काहीच शिकले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १८६४ साली जिनिव्हात जखमी सैनिकांविषयी पहिला करार झाला. १८९९ च्या हेग येथील करारात शरण आलेल्यास मारणे आणि 'कोणालाही जिवंत सोडणार नाही' असे जाहीर करणे निषिद्ध ठरले. १९४९ च्या जिनिव्हा करारांनी सामान्य नागरिकांना संरक्षण दिले. थाळनेरच्या दिंडीत जे घडले ते आज कायद्याने गुन्हा आहे. हे कागद कुचकामी आहेत असे मी म्हणणार नाही. मालेगावचा कागद मी विसरलेलो नाही.

पण स्वाऱ्या थांबल्या नाहीत. २००३ साली इराकवर फौजा गेल्या. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर गेल्या. दोन्ही वेळी आधी निमित्ताचे कागद तयार झाले. युक्रेनमधील नागरिकांचे दहा हजारांहून अधिक मृत्यू संयुक्त राष्ट्रांनी एकेक पडताळून नोंदले आहेत, आणि खरा आकडा ह्याहून मोठा आहे हे त्याच संस्थेने सांगितले आहे. तरीही एक पाऊल पुढे पडले आहे असे मी मानतो : थाळनेरचे मेलेले मोजण्यास कोणी बसले नव्हते, आज कोणीतरी बसते.

ते काम आपल्यालाही करता येईल. खानदेशात जुन्या घराण्यांची दप्तरे आहेत, देवळांच्या वह्या आहेत, वतनाचे कागद आहेत, भिल्लांच्या आणि वंजाऱ्यांच्या तोंडी गाणी व हकीकती आहेत. शिबंदीत कोण होते, कोणाचे गाव ओस पडले, कोणता तांडा परत आला नाही, ह्याचे तुकडे त्यांत सापडतील. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना घेऊन थाळनेरला जावे, किल्ल्याचा चढ पायांनी मोजावा, आणि घरी येऊन आजीआजोबांना विचारावे. अशा माहितीची एक वही आपल्या वाचनालयात ह्याच वसंतात उघडली जावी, अशी माझी ह्या व्याख्यानमालेच्या चालकांना विनंती आहे. पहिल्या पानावर २७ फेब्रुवारी १८१८ ही तारीख घालावी. त्याखाली नावांसाठी जागा मोकळी ठेवावी, आणि जसजशी मिळतील तसतशी ती भरावी.